मोडीत निघालेल्या गाडीचे मोल

ठाण्यातल्या कोलशेत-बाळकुम पट्ट्यातले रासायनिक कारखाने गेले, त्या जमिनींवर टॉवर उभे राहिले आणि एकेका पार्किंगवरून भांडणे होऊ लागली. तरीही या सोसायट्यांच्या कोपऱ्यांत टायर बसलेल्या, काचांवर धुळीचा थर चढलेल्या गाड्या वर्षानुवर्षे जागच्या हलत नाहीत. मालक चांगल्या भावाची वाट पाहत असतो. शेवटी येतो तो भंगारवाल्याचा भाव: रोख, जागेवर, वजनावर. गाडी जाते, तिच्याबरोबर बहुतेक वेळा आरसी बुकही जाते. खरे नुकसान तिथे होते.

वजनाचा हिशोब सोपा आहे. मारुती 800 साधारण साडेसहाशे किलोची. किलोला 25 रुपये धरले तर 16,250 रुपये. पण त्या वजनात सगळे लोखंड नसते. मुंबईसह चार महानगरांत 1 एप्रिल 1995 पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. सायलेन्सरच्या नळीतल्या या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. भाव सांगणारा त्याचा उल्लेख क्वचितच करतो, म्हणून आपणच विचारावे. बॅटरीतले शिसे, अलॉय व्हील, चालू स्थितीतला एसी कॉम्प्रेसर यांचेही तसेच. लोखंड मात्र पुन्हा भट्टीत जाते; जालन्याच्या पोलाद उद्योगाचा मोठा कच्चा माल भंगारच आहे.

आता कागदाचा हिशोब. 13 ऑगस्ट 2021 रोजी केंद्राने वाहन मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले आणि सप्टेंबरमध्ये नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम आले. नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या 4 ते 6 टक्के मोडकिंमत मिळावी, अशी धोरणाची अपेक्षा आहे. स्क्रॅपिंग केंद्र गाडी ताब्यात घेते तेव्हा ठेव प्रमाणपत्र देते, म्हणजेच ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’. ते दाखवले की नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते आणि रोड टॅक्समध्ये सूट मिळते. खासगी गाडीला 25 टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा राज्यांना आहे. नेमका दर राज्य ठरवते, म्हणून खरेदीच्या दिवशीचा दर आरटीओत विचारावा. महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर 11 टक्के कर लागतो. 8 लाखांच्या गाडीला 88,000 रुपये. म्हणजे सुटीच्या प्रत्येक 10 टक्क्यांमागे 8,800 रुपये वाचतात. गाडी कंपन्यांची वेगळी सवलत असेल तर ती त्यावर. स्वतःला नवी गाडी घ्यायची नसेल तर प्रमाणपत्र दुसऱ्याला हस्तांतरित करता येते. त्याला मुदत असते, ती आधी पाहून ठेवावी.

घाईही करू नये. वयाची सरसकट बंदी आपल्याकडच्या खासगी गाड्यांना नाही. 15 वर्षांनंतर तपासणीत उतरली तर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते. शुल्क मात्र 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झाले, 20 वर्षांपुढच्या गाडीला 2025 पासून 10,000. त्यात पर्यावरण कर, विमा आणि दुरुस्ती मिळवा. बेरीज गाडीच्या विक्रीच्या किमतीजवळ पोचली की तिला निरोप द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक अपवाद मनापासून सांगतो. डोंबिवलीजवळ मानपाडा-शिळ भागातल्या प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात 1990 च्या दशकात प्यूजो 309 बनत, पद्मिनी कुर्ल्याची. 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 20 वर्षांची मुदत संपून 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. अशी गाडी कुणाच्या गॅरेजमध्ये असेल तर वजनावर देऊ नका. हौशी लोक तिच्या एकेका सुट्या भागाच्या शोधात असतात, आणि 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी 2021 च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट जबाबदारीची. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली निकाल दिला. गाडी हातोहात विकली गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघाताच्या भरपाईसाठी न्यायालयाने त्यालाच जबाबदार धरले. भंगारात दिलेली गाडी तोडली गेली की दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर आली, हे आपल्याला कोण सांगणार? अधिकृत केंद्रात चासी नंबरचा तुकडा कापून जपून ठेवतात आणि नोंदणी वाहन पोर्टलवर रद्द होते. कूलंट, इंजिन ऑइल, एसीचा गॅसही तिथे वेगळा काढला जातो. उघड्यावर तोडलेल्या गाडीचे तेल गटारातून आपल्याच खाडीत उतरते, आणि बाळकुमला ती खाडी दूर नाही.

देण्याआधीची तयारी थोडी आहे, पण चुकवू नये. बँकेचा बोजा उतरवून घ्या, ई-चलान भरा, फास्टॅग बंद करा. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनस राखून ठेवल्याचे पत्र घ्या. तो बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, 50 टक्क्यांपर्यंत जातो आणि तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतो. निदान दोन केंद्रांचे भाव मागवा आणि गाडी उचलून नेण्याचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्या.

पूर्वी कधी गाडी भंगारात दिली असेल, तर एमएच-04 असो की एमएच-05, तिचा क्रमांक आजच वाहन पोर्टलवर टाकून पाहा. नोंदणी अजून चालू दिसत असेल, तर आरटीओत जाऊन ती रद्द करून घ्या.