दत्तक कोण कोणाला?

गेल्या वर्षीच्या नवरात्रातली गोष्ट. मी आजोळी, राणीसावरगावला निघालो होतो. आमच्या शेजारची मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "काका, मलाही न्या ना. खेड्यातल्या बायकांशी बोलायची सवय करायची आहे." तिची आई जरा कुरकुरली, पण माझी मामी तिथे आहे म्हटल्यावर परवानगी मिळाली.

परभणीहून जनाबाईंचे गंगाखेड आणि तिथून बालाघाटच्या डोंगराच्या अंगाने पुढे, असा आमचा एस.टी.चा प्रवास झाला. संध्याकाळी मामीच्या ओट्यावर शेजारची एक बाई येऊन टेकली. चाळिशीच्या आतलीच, पण दिसायला पन्नाशीची. आमच्या भावी डॉक्टरीणबाईंनी वही काढून विचारले, "आपल्याला काही आरोग्यविषयक तक्रार आहे का?"

बाई हसली. म्हणाली, "न्हाई बा."

मुलीने वहीत 'नाही' लिहिले. एवढ्यात मामी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "का गं, परवा कामाला आली नाहीस?"

"काय सांगू मामी! उठलं की डोळ्यापुढं अंधारी यायलीय. जीव कसनुसा व्हायलाय. दोन वर्सं झाली की."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. बाई खोटे बोलली नव्हती. तक्रार ही तिच्या लेखी चावडीवर नाही तर तहसिलात करायची गोष्ट. अंगातले दुखणे काही तक्रार नव्हे. वीस वर्षे मराठी शिकवणारा मी, मला त्या संध्याकाळी कळले की आपली पुस्तकी मराठी औषधाच्या आड कशी येते!

वाचक म्हणतील, एका शब्दाचे एवढे काय? पण गडचिरोली जिल्ह्यातली हकीकत ऐका. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. शंभरातल्या 92 जणींना स्त्रीरोग निघाले आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8! 1989 साली 'लॅन्सेट' या विलायती वैद्यक नियतकालिकात हे छापून आले, तेव्हा जगभरच्या जाणत्यांना धक्का बसला. दुखणे घरोघर होते. फक्त कोणी उंबऱ्याशी बसून विचारले नव्हते.

डॉक्टरला त्या उंबऱ्यापर्यंत न्यावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. 1946 साली भोर समितीने सुचवले होते की प्रत्येक विद्यार्थ्याला तीन महिने सामाजिक वैद्यकाचे शिक्षण मिळावे. 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढले. तिथे नवा विद्यार्थी आधी पंधरा दिवस आश्रमात राहतो, श्रमदान करतो. मग प्रत्येक तुकडी एक गाव पत्करते आणि विद्यार्थ्यांना तिथली घरे वाटून दिली जातात. पुढे 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने याच धर्तीचा पाठ देशभर लागू केला. पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्याने खेड्यातली काही कुटुंबे 'दत्तक' घ्यायची आणि शिक्षण चालू असताना त्यांच्याकडे जात राहायचे.

योजना चांगलीच. पण रात्री जेवताना मुलगी म्हणाली, "काका, मला पाच घरं दिली आहेत. गेल्या हिवाळ्यात गेले तर दोन घरांना कुलूप! फॉर्मवर 'गैरहजर' लिहून परत आले."

मामीने भाकरी थापता थापता विचारले, "ऊसतोडीला गेली असतील. तू विचारलंस का कुठं गेली ते?"

मुलीने मान खाली घातली.

आमच्या या डोंगरपट्ट्यातली कितीतरी घरे दसरा-दिवाळीच्या सुमारास बंद होतात. मुकादमाची उचल आधीच घेऊन झालेली असते. नवराबायको मिळून एक कोयता, आणि पाठीशी पोरे. ज्यांना डॉक्टरची सर्वांत जास्त गरज, तेच नेमके वर्षातले पाच-सहा महिने कागदावर 'गैरहजर' ठरतात. सरकारने गावात दवाखाना काढला तरी माणूस उसाच्या फडात! दारिद्र्य आणि दुखणे यांची गाठ कशी बसते, ते पुस्तकाच्या कितव्या पानावर असते कोण जाणे. त्या कुलपावर मात्र ते स्पष्ट लिहिलेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी त्या बाईच्या घरी गेली. म्हणाली, "मावशी, चला, रक्त तपासून येऊ."

"आता कुठं? दसरा झाला की निघायचं हाय. आल्यावर बघू."

मुलीने ऐकले नाही. सरकारी दवाखान्यात तिच्याबरोबर रांगेत बसली. हिमोग्लोबिन सात निघाले. बाईच्या अंगात बारा तरी हवे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. फडावर त्या संपल्या तर कुठल्याही सरकारी दवाखान्यात दाखवायला चिठ्ठीही दिली. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबू पिळून पाण्याबरोबर घ्यायची, हे मुलीने समजावले. "शौचाला काळं होईल, भिऊ नका," हेही सांगितले. या वेळी तिच्या बोलण्यात एकही पुस्तकी शब्द नव्हता.

परतताना एस.टी.त मी तिला म्हटले, "दत्तक हा शब्दच उलटा वापरलाय तुमच्या लोकांनी. दत्तक जो जातो तो दुसऱ्याच्या घरात जातो, त्यांचे नाव लावतो, त्यांच्या सुखदुःखाचा होतो. मग घर तुला दत्तक, की तू त्या घराला?" ती खिडकीबाहेर बघत राहिली.

यंदा पाडव्यानंतर मामीचा फोन आला. टोळी परत आली होती. बाईने गोळ्या संपवल्या होत्या, मध्ये एकदा फडाजवळच्या दवाखान्यातून मागूनही घेतल्या होत्या. आणि आल्या आल्या तिने मामीला विचारले होते, "आमची पोरगी कवा यायलीय?"

मी निरोप शेजारी सांगितला. मुलीने पहिली गोष्ट कोणती केली असेल? त्या दोन कुलूपबंद घरांची माणसे कोणत्या कारखान्याच्या फडावरून परत येतात, याची चौकशी!