हस्तिदंताची तहान

चिरुटांचे शौकीन आपल्या पेटीत ७० टक्क्यांच्या आसपास दमटपणा राखतात. तो घटला की चिरूट ठिसूळ होतो, वाढला की बुरशी धरते. पण वाचकहो, याहून नाजूक जिन्नस आपल्या धाराशिव जिल्ह्यात आहे!

तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारी पेठ. तेथे सापडलेली हस्तिदंताची स्त्रीमूर्ती १९३८ साली पाँपेईत मिळालेल्या मूर्तीची बहीणच शोभते. पाँपेई तर इ. स. ७९ मध्ये राखेखाली गडप झालेले.

हस्तिदंत हवेतले पाणी पितो तेव्हा फुगतो, सोडतो तेव्हा आकसतो. तेही सगळीकडून सारखा नव्हे. म्हणून तो उलतो. मराठवाड्याचा रखरखीत उन्हाळा आणि पाठोपाठ पावसाळा, हा हेलकावाच घातक. जाणकार ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर दमटपणा सुचवितात. त्यासाठी घट्ट बसणारे काचकपाट, आत आर्द्रतामापक आणि ओलावा शोषणारी व सोडणारी सिलिका जेल हवी.

आजीची हस्तिदंती फणी घरात असेल, तर ती उन्हात ठेवू नका, पाण्याने धुऊ नका. दोन हजार वर्षे तगलेली कला एका उन्हाळ्यात तडकू शकते. मग फणीची काय कथा?