डांगी वंश आणि खच्चीकरण

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या मुसळधार पावसात भाताची चिखलणी डांगी बैल करतात. त्यांची कातडी तेलकट व खूर टणक असतात. औताचा बैल शांत असावा, म्हणून गोऱ्ह्याचे खच्चीकरण केले जाते. बर्डिझो चिमट्याने कातडी न कापता वृषणाकडे जाणारी शुक्रनलिका व रक्तवाहिन्या चेपल्या जातात. तरीही काही आठवडे गोऱ्हा गाईंपासून दूर ठेवावा लागतो. २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार हे काम नोंदणीकृत पशुवैद्यकाने भूल देऊन करावयाचे आहे.

खरा प्रश्न निवडीचा आहे. उत्तम गोऱ्हा औताला गेला आणि निकृष्ट वळू कळपात मोकळा राहिला, तर डांगीचे गुण पुढील पिढीत उतरणार कसे? म्हणूनच पैदाशीसाठी उत्तम वळू राखून निकृष्टांचे खच्चीकरण वेळीच होणे अगत्याचे ठरते.