मराठी शुद्धलेखन तपासक

मराठी शुद्धलेखन तपासक म्हणजे मजकुरातील प्रत्येक शब्द संगणकातील शब्दसंचाशी ताडून पाहणारी व न जुळणारे शब्द अधोरेखित करणारी आज्ञावली होय. अनेक तपासक पर्यायी रूपेही सुचवतात. अशी काही साधने विनामूल्य उपलब्ध असून विद्यार्थी, लेखक, मुद्रितशोधक व विकिसंपादक यांना ती उपयुक्त ठरतात.

नियमांचा आधार

मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले लेखनविषयक १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले. १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. आजचे प्रमाणलेखन या १८ नियमांना अनुसरते. व्युत्पत्तीने सिद्ध होणारे वा न होणारे अनुच्चारित अनुस्वार या नियमांनी वगळले. त्यामुळे ‘नांव’, ‘कांहीं’ ही जुनी रूपे आता ‘नाव’, ‘काही’ अशी लिहिली जातात.

कार्यपद्धती

मराठीत प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. ‘घर’ या एका शब्दापासून घराला, घरात, घरापासून, घरासमोर, घरातल्यांनाही अशी असंख्य रूपे होतात. ती सर्व शब्दसंचात नोंदवणे अव्यवहार्य असल्यामुळे मूळ शब्दांची यादी व प्रत्यय जोडण्याचे नियम वेगळे ठेवले जातात. ‘हनस्पेल’ ही मुक्तस्रोत आज्ञावली याच तत्त्वावर चालते. लास्लो नेमेथ यांनी ती प्रत्ययबहुल हंगेरियन भाषेसाठी विकसित केली. लिब्रेऑफिस व फायरफॉक्समध्ये ती वापरली जाते. तिच्यासाठी मराठी शब्दसंचही उपलब्ध आहे.

प्रत्यय लागताना होणारा ऱ्हस्व-दीर्घाचा बदल हा मराठी तपासकापुढील कठीण प्रश्न आहे. ‘गरीब’ या शब्दाचे ‘गरिबाला’ होते. परंतु ‘शरीर’ हा तत्सम शब्द असल्यामुळे त्याचे रूप ‘शरीराला’ असेच राहते. म्हणजे तपासकाकडे शब्दाच्या कुळाचीही माहिती असावी लागते.

मर्यादा

शब्द अस्तित्वात आहे की नाही, एवढेच साधा तपासक सांगतो; तो त्या वाक्यात योग्य आहे की नाही, हे सांगत नाही. ‘दिन’ (दिवस) व ‘दीन’ (गरीब), ‘शिर’ (डोके) व ‘शीर’ (रक्तवाहिनी) या जोड्यांतील दोन्ही शब्द शुद्ध असल्याने त्यांची अदलाबदल त्याच्या लक्षात येत नाही. ‘आचार्यास’ (गुरूस) व ‘आचाऱ्यास’ (स्वयंपाक्यास) यांतील अर्थभेदही असाच निसटतो. याउलट विशेषनामे, बोलीतील शब्द व नव्या संज्ञा शुद्ध असूनही अधोरेखित होतात. त्यामुळे प्रत्येक खूण चूक नसते आणि खूण नसणे ही शुद्धतेची हमी नसते.

साधनाची निवड

एखादे साधन स्वीकारण्यापूर्वी त्याची छोटी चाचणी घेता येते. ‘गरिबाला’, ‘शरीराला’ ही शुद्ध आणि ‘गरीबाला’, ‘शरिराला’ ही अशुद्ध रूपे एकत्र लिहून पाहावीत. चारही रूपे स्वीकारणाऱ्या वा चारही नाकारणाऱ्या साधनाचे प्रत्ययनियम अपुरे आहेत, असे समजावे.

मजकूर कोठे तपासला जातो, हेही महत्त्वाचे आहे. हनस्पेल वापरकर्त्याच्याच संगणकावर चालते, तर अनेक ऑनलाइन साधने मजकूर दूरच्या सर्व्हरवर पाठवतात. अप्रकाशित किंवा खासगी लेखनासाठी पहिला प्रकार अधिक सुरक्षित ठरतो. वैयक्तिक शब्दसंचात शब्द जोडताना काळजी घ्यावी; तेथे एकदा शिरलेले अशुद्ध रूप पुढे कधीच दाखवले जात नाही.

अर्थाविषयी शंका असल्यास तपासकाऐवजी शब्दकोश पाहावा लागतो. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) व दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. मात्र दोन्ही कोश १९६२ पूर्वीचे आहेत. म्हणून अर्थासाठी त्यांचा आधार घ्यावा, पण लेखनासाठी प्रचलित नियमच पाहावेत.