भाच्याची मोटार आणि पाव मैल

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत टेक्सस राज्यातील प्लेनो या शहरी नोकरी करतो. सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो असता तो हळूच म्हणाला, "मामा, शुक्रवारी मी शर्यतीत गाडी पळवणार आहे. आईला कळवू नका."

वाचकहो, माझ्या पोटात गोळाच आला. आपल्या बेटावर रात्री रस्त्यावर मोटारसायकली पळवणारी पोरे आणि त्यांच्या पायी रडलेली घरे आपण पाहिली आहेत. टेक्ससमध्येही रस्त्यावर शर्यत लावणे गुन्हा आहे, तुरुंगही घडतो. पण ही शर्यत मैदानावरची होती. प्लेनो डॅलसच्या उत्तरेला, तर दक्षिणेला एनिस गावी टेक्सस मोटरप्लेक्स आहे. बिली मेयर या शर्यतपटूने ते १९८६ साली उभारले. तेथे दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहून सरळ पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर धावतात. आपल्या शां दे मार्सवर घोड्यांना वळणे असतात, येथे एकही नाही. रस्त्यावरच्या पोरांना मैदानात आणावे, या हेतूने वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली होती.

मला वाटले, आता इंजिन उघडतील. तसे काहीच झाले नाही. गाडी साधी, कर्ज अजून फिटायचे आणि सोमवारी तिनेच कामावर जायचे. शिवाय शर्यतीतले नुकसान साधा विमा सहसा भरून देत नाही. म्हणून तयारी म्हणजे मुख्यतः तपासणी. चाकांचे नट आवळले, बॅटरी हलवून पाहिली, तेल-पाणी कोठे गळत नाही ना हे पाहिले. जादा चाक, जॅक, छत्री सारे बाहेर काढले, कारण सुटी वस्तू घसरून पेडलखाली गेली तर ब्रेक लागणार कसा? पायाखालची चटईही काढली. पुढच्या काचेजवळचा गणपती माझ्या खिशात आला.

वातानुकूलन बंद ठेवायचे, कारण त्याचे पाणी धावपट्टीवर ठिबकते. मोठे शर्यतपटू पाण्यात चाके फिरवून टायर तापवतात. साध्या टायरवाल्याने त्या पाण्याला वळसा घालून जावे, नाहीतर टायरच्या खाचांतून ते पाणी थेट आरंभरेषेवर येते आणि मागच्यांच्या शिव्या खाव्या लागतात! पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्याला हेल्मेट सक्तीचे असते. भाच्याची गाडी तेवढी वेगवान नव्हती, पण माझ्या हट्टापायी त्याने ते घातले.

आरंभरेषेवर तीन पिवळे दिवे एकामागून एक लागतात, मग हिरवा. आधी सुटलात तर लाल. गंमत अशी की, गाडीचा वेळ हिरव्या दिव्यापासून नव्हे, चाक रेषेवरून हलल्यापासून मोजतात. उशिरा निघणारा शर्यत हरेल, पण त्याचा वेळ बिघडत नाही. भाचा असाच दचकून उशिरा निघाला आणि हरला. रेषेपलीकडे मात्र त्याने बजावल्याप्रमाणे हळूहळू वेग उतरवला, दुसऱ्याच्या आडवे न जाता गाडी वळवली. हाती आलेल्या चिठ्ठीवर आकडा होता १५.८ सेकंद. ती चिठ्ठी तो दहा वेळा वाचत होता.

घरी परतल्यावर गणपती पुन्हा जागेवर बसवला. बहिणीला मी अजून काही बोललो नाही. पण ती हे पान दर आठवड्याला वाचते, तेव्हा आता कळेलच.