अचानक बिथरलेले मूल

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ, बाहेर रणरणते नागपुरी ऊन. धरमपेठेतच राहणाऱ्या एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलाची वाढ पहिल्यापासून मंद. जन्मल्यावर रडायला उशीर झाला होता, चालायला तीन वर्षे लागली, बोलतो ते मोजून सहा-सात शब्द. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. स्वभावाने गरीब, हातात स्टेथोस्कोप दिला की खेळत बसणारा. पण पंधरा दिवसांत त्याने आईच्या दंडाला दोनदा चावे घेतले होते, पाण्याचे पेले भिरकावले होते, आणि आदल्या दिवशी तर भर जेवणातून उठून अनवाणी थेट लक्ष्मीभुवन चौकापर्यंत धावत गेला होता. एका ऑटोवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून वाचला.

"हा असा नव्हता जी, डॉक्टरसाहेब," एवढेच त्या म्हणत होत्या. सासूबाईंनी मीठ-मोहरी ओवाळून झाली होती. शेजाऱ्यांचा सल्ला होता, लाडाने बिघडला, दोन रट्टे द्या.

मी काय केले ते सांगायला संकोच वाटतो. मूल जवळ येऊ देईना, बाहेर पेशंट खोळंबलेले. अशा मुलांचे वय वाढू लागले की व्हायचेच असे, असे मनाशी म्हणत मी गुंगी आणणारे सर्दीचे एक औषध लिहून दिले. त्या औषधाने काही मुले झोपण्याऐवजी उलट जास्त चेकाळतात, हे मला ठाऊक असायला हवे होते. दोन रात्री त्याने घर डोक्यावर घेतले.

तिसऱ्या दिवशी मी औषध बंद केले आणि त्या बाईंना एक काम सांगितले. असा प्रकार घडला की किती वाजता घडला, त्याच्या लगेच आधी काय चालले होते आणि नंतर घरच्यांनी काय केले, हे तीनच मुद्दे लिहायचे. त्यांनी घरातल्या कालनिर्णयाच्या चौकोनांत बारीक अक्षरांत लिहून आठवड्याने ते पानच फाडून आणले. आम्ही दोघे वाचू लागलो. जेवताना. जेवताना. सरबत दिल्यावर. शाळेतून आल्यावर पाणी पिताना. बाईच थबकल्या. "साहेब, प्रत्येक वेळी फ्रिजचे पाणी हो!"

वडिलांनी मांडीवर घट्ट धरले, मी टॉर्च घेतला, मिनिटभर तोंड उघडता आले. खालच्या दुधाच्या दाढेत कीड खोलवर, थेट नसेपर्यंत गेलेली. गार पाणी लागले की मस्तकात कळ जात असणार. ज्याच्यापाशी 'दुखते' हा शब्दच नाही, त्याने ते सांगायचे कसे? दंतवैद्यांनी दाढ काढली. चारेक दिवसांत मूल पूर्ववत झाले.

अमुक मूल मतिमंद आहे (आता कायद्यात आणि व्यवहारात 'बौद्धिक दिव्यांग' म्हणतात), म्हणून ते जे करील ते त्या मंदपणापायीच, असे आपण गृहीत धरतो. जुन्या निदानाची सावली नव्या आजारावर पडते आणि तो दिसेनासा होतो. ही चूक डॉक्टरही करतात, हे वर आलेच आहे.

या मुलांत उतावळेपणा मुळात असतोच, हेही खरे. मनात आलेली गोष्ट रोखून धरण्याचे काम मेंदूचा पुढचा भाग करतो. तो भाग सगळ्यांतच सावकाश तयार होतो, पंचविशीपर्यंत त्याची जडणघडण चालू असते. वाढ मंद असलेल्या मुलाचे पाय नऊ वर्षांचे आणि ब्रेक अडीच वर्षांचे, असा प्रकार असतो. म्हणून ते रस्त्यावर धावते, गरम तव्याला हात लावते. पण हे रोजचे झाले. मी म्हणतो आहे ते अचानक पडलेल्या फरकाविषयी. तेथे आधी शरीर तपासा. कान, दात, घसा, लघवीची जळजळ, जंत. बद्धकोष्ठ तर फार मुलांत असते, चार-चार दिवस पोट साफ नसते आणि कोणी विचारत नाही. रात्री घोरणारे, टॉन्सिल वाढलेले मूल नीट झोपत नाही आणि दिवसभर पिसाटते. मुलगी वयात येत असेल तर पाळीच्या दिवसांतली पोटदुखी लक्षात घ्या.

मग औषधांकडे वळा. फिट्सवरच्या फिनोबार्बिटोनने कित्येक मुले चंचल होतात, लेव्हेटिरॅसिटॅमने चिडखोर होतात. मात्र फिट्सचे औषध आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नका, फिट्स उसळतात. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना भेटा. काही वेळा तो वेडावाकडा प्रकार म्हणजेच फिट असते. मूल क्षणभर हरवते, ओठ चाटते, हाकेला ओ देत नाही, नंतर गळून झोपते. असे दिसले तर मोबाइलवर चित्रण करून आणा, तेवढे बोलून समजत नाही.

डोक्यात पाणी झाल्यामुळे नळी बसवलेले मूल एकाएकी बिथरले, सोबत उलट्या किंवा सुस्ती असेल, किंवा कोणतेही मूल डोक्यावर पडल्यानंतर असे वागू लागले, तर कालनिर्णय भरत बसू नका. तडक मोठ्या इस्पितळात न्या.

आणखी एक शक्यता लिहिणे भाग आहे. एखाद्या ठराविक माणसाला, रिक्षाला किंवा जागेला मूल एकाएकी घाबरू लागले तर त्याला कोणी मारते का, कोणी नको तेथे हात लावते का, याचा शांतपणे शोध घ्या. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

कारण सापडेपर्यंत मूल सांभाळायचे असते. दाराला वरच्या बाजूला, त्याचा हात पोचणार नाही अशी कडी लावा. सदऱ्याच्या आतून फोन नंबर शिवा. कोपऱ्यावरचा पानवाला, किराणावाला, ऑटोस्टँड यांना मुलाची ओळख करून द्या. लपवण्यात काही लाज राखली जात नाही, त्या चौकातल्या मंडळींना ओळख असती तर त्यांनी त्याला आधीच धरले असते. घरातून निघून गेलेली अशी मुले पुष्कळदा पाण्याकडे ओढली जातात, तेव्हा शोधताना विहीर, टाके, अंबाझरी-फुटाळ्याचा काठ आधी पाहा आणि त्याच वेळी ११२ ला फोन करा. तुफान चालू असताना व्याख्यान देऊ नका. 'थांब', 'बस', एवढेच शब्द, हळू आवाजात. मारल्याने दुखण्यात दुखण्याची भर पडते. हात-पाय बांधून ठेवलेले एक मूल मी पाहिले आहे. ते दृश्य विसरता येत नाही.

शरीरात काही सापडले नाही तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ लागतात. अतिचंचलतेवर आणि अंगावर धावून जाण्यावर चांगली औषधे आहेत, पण ती त्यांच्याच देखरेखीखाली द्यायची. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते. अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत येणाऱ्या पथकाला विचारा, ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात.

माझ्याकडे अशा मुलाला आणायचे असेल तर आधी फोन करा आणि सकाळी पहिल्या नंबरला या, संध्याकाळच्या गर्दीत त्याला तासभर बसवू नका. येताना त्याचे आवडते खेळणे आणि लिहिलेले पान तेवढे आणा.