एकच प्रत

१२ मे १८७५ रोजीं सुपें येथील बाजारांत जमलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरें व दुकानें फोडलीं आणि हातीं लागले ते कर्जरोखे आगीच्या स्वाधीन केले. सुपें तेव्हां भिमथडी तालुक्यांत होतें. आजच्या दौंडचा परिसरही त्यांतच मोडत असे. शेजारच्या शिरूर तालुक्यांतील करडें येथें या असंतोषाची ठिणगी डिसेंबर १८७४ मध्येंच पडली होती. रोखा एकच असे आणि तो सावकाराच्या पेटींत असे. त्यांत काय लिहिलें आहे, हें निरक्षर ऋणकोस पडताळतां येत नसे. तो जळाला म्हणजे सावकारापाशींही पुरावा उरत नसे. पुढें १८७९ च्या कायद्यानें ग्राम-नोंदणीकार नेमून दस्ताची नक्कल सरकारी वहींत उतरविण्याची व्यवस्था केली.

त्याच मुलखांत आज रांजणगांव व कुरकुंभ येथें औद्योगिक वसाहती आहेत, आणि हिशेब पेटींत नसून संगणकांत असतो. त्याची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, ठेवावी हें सर्वांस ठाऊक असतें. घोटाळा होतो तो ती कोठें व कशी ठेवावी यांत.

पहिली चूक म्हणजे मूळ आणि प्रत एकाच जागीं ठेवणें. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं दक्षिण कोरियांतील डेजॉन येथील सरकारी माहिती-केंद्रास आग लागली. तेथें ८५८ टेराबाइट दप्तर नष्ट झालें, कारण त्याची प्रत बाहेर कोठेंच नव्हती. दुसरी चूक, प्रतीची डिस्क सदैव संगणकास जोडून ठेवणें. खंडणीखोर विषाणू शिरला कीं तो दोहींसही कुलूप घालतो. तिसरी चूक सर्वांत घातक: प्रत कधीं उघडून न पाहणें. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनींत एका कर्मचाऱ्याकडून मुख्य माहिती चुकून पुसली गेली. राखणीच्या पांच योजनांपैकीं एकही भरंवशाची ठरली नाहीं. सहा तासांपूर्वीं सहज घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावलें. मधल्या वेळचें काम मात्र गेलें.

उपाय साधा आहे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी दुसऱ्या गांवीं असावी. शिरूरच्या कचेरीची डिस्क सोडवून दौंडला ठेवली तरी चालेल. महिन्यांतून एकदां एखादें पगारपत्रक प्रतींतून दुसऱ्या यंत्रावर उतरवून त्याची बेरीज मूळाशीं ताडून पाहावी. हें काम कोणाचें, तें नांवानिशीं ठरवावें. सर्वांचें काम तें कोणाचेंच नसतें.

१८७५ मध्यें रोखे जळाले तेव्हां ऋणकोस सुटल्यासारखें वाटलें. आज हजेरीची नोंद पुसली गेली तर कोणीच सुटत नाहीं. जादा तास राबलेल्या मजुराच्या हातांत मागणीचा पुरावाच राहत नाहीं.